मालतीची कोपी

आमच्या सोसायटीत नवी मालिका सुरू झाली की बायका पहिला आठवडा दम धरतात आणि मग मला जिन्यात गाठतात. "नंदाताई, बघायची का सोडायची?" मी हातातली पिशवी खाली ठेवते आणि निकाल देते. नगरच्या सावेडीतल्या या एका इमारतीत माझ्या शब्दावर चांगल्या चालत्या मालिका बंद पडल्या आहेत, निदान दोन मजल्यांवर तरी. माझे नियम साधे आहेत. ज्या घरात एवढं मोठं स्वयंपाकघर आहे पण कुणाचेच हात कधी ओले दिसत नाहीत, ते घर सोडायचं. झोपेतून उठलेल्या बाईचं काजळ जागच्या जागी असेल तर तिला एक आठवडा द्यायचा, कारण कधी कधी लिहिणारा बरा असतो आणि त्याचं काजळापुढं काही चालत नाही. दाराआड उभं राहून ऐकणारी माणसं एका भागात दोनदा आली की उठून कुकर लावायला हरकत नाही. मेलेला माणूस परत आला तर मी रागावत नाही, पण तो इतके दिवस जेवला कुठं हे कुणी सांगितलं नाही तर रागावते. माझी लेक पुण्याहून आली की मोबाईलवर आठ-आठ भागांच्या मालिका दाखवते. त्या मला आवडतात, फक्त त्यातली सगळी माणसं अंधारात का बोलतात ते कळत नाही. एवढे पैसेवाले लोक, लाइटचं बिल भरायला काय होतं त्यांना.

या सगळ्यांच्या वर एक मोठा नियम आहे. बाईवर संकट कोसळलं की पुढच्या भागात ती काय करते ते बघायचं. नुसती बसून रडत असेल तर सोडा, कामाला लागली तर बघा. हे मी सांगितलं की बायका माना डोलावतात. वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापक बाई तर एकदा म्हणाल्या, "किती नेमकं बोलता हो तुम्ही." मी हसून ते मान्य करून टाकलं. खरं म्हणजे तो नियम माझा नाही. तो माझ्या आईच्या तोंडून निघाला, आणि निघाला तो दुसऱ्याच एका मुलीचं कौतुक करताना. ते कौतुक मला त्या दिवशी झोंबलं तसंच आजही झोंबतं. मन मोकळं करून शांत व्हावं म्हणून मी हे लिहायला घेतलंय असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही नाही. मला फक्त माझी बाजू मांडायची आहे.

खर्ड्याच्या अलीकडं, किल्ल्याचा बुरूज दिसेल एवढ्या अंतरावर आमचं गाव. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागून आमच्या दोन खोल्या. गिरणी चालू असली की घरातली प्रत्येक वस्तू थोडी थोडी हलायची. मांडणीवरची ताटं किणकिणायची, पाण्याच्या हंड्यात बारीक लाटा उठायच्या, आणि आम्ही सगळे घरात सुद्धा ओरडून बोलायचो. गावात आमच्या घराण्याला मोठ्या आवाजाचं म्हणून ओळखायचे ते त्यामुळंच. पीठ सगळीकडं असायचं. अण्णांच्या भुवया भर तारुण्यात पांढऱ्या दिसायच्या, आणि मी शाळेत गेले की बाई आधी माझं डोकं झटकायच्या. त्या पिठात एक दिवस टीव्ही आला. बदली होऊन चाललेल्या एका गुरुजींकडून अण्णांनी तो घेतला होता. लाकडी शटरचा, काळा-पांढरा. आईनं तिच्या जुन्या लुगड्याचा धडसा भाग काढून त्याला झालर लावून झाकण शिवलं. तसं झाकण माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, मी परकर उसवलेलाच घालून हिंडत होते.

गिरणी आणि टीव्ही मात्र एका वेळी चालायचे नाहीत. मोटर सुरू झाली की वीज कमी पडायची, पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि माणसं बुटकी व्हायची. म्हणून ज्या संध्याकाळी मालिका असेल त्या संध्याकाळी अण्णा गिरणी बंद ठेवत. अँटेना किल्ल्याच्या बुरुजाकडं तोंड करून लावली की चित्र स्वच्छ. वारा सुटला की ती फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग आई पदर खोचून शिडीवरून पत्र्यावर जायची आणि वरून ओरडायची, "गेल्या का मुंग्या?" आम्ही खालून, "न्हाई! अजून थोडं!" त्या संध्याकाळी स्वयंपाक ठरलेला असायचा, हुलग्याचे शेंगोळे. लसूण-मिरचीच्या फोडणीच्या पाण्यात ते वळून सोडले की आपले आपण शिजतात, बाईला चुलीपुढं बसावं लागत नाही. आजही शेंगोळ्याचा वास आला की माझी मान आपोआप टीव्हीकडं वळते.

मालिकेचं खरं नाव आमच्या आळीत कुणी घेतलं नाही. सगळ्या म्हणायच्या, "मालतीचं." आज मालतीचं हाय का, मालतीचं कितीला लागतंय. मालती म्हणजे त्यातली नायिका. गरिबाघरची, हवेलीत दिलेली, सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मालिका हिंदीतून होती आणि आळीतल्या बायकांना हिंदी येत नव्हतं. मला येत होतं. म्हणजे शाळेत होतं, आणि जे कळत नव्हतं ते कळल्यासारखं करता येत होतं. पंधरा-वीस बायका आमच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसायच्या, आणि पडद्यावर कुणी बोललं की सगळ्यांची तोंडं टीव्हीकडून माझ्याकडं वळायची. मी सांगायची, "सासू म्हणती, तू या घराला शोभत न्हाईस." मग सगळ्या एकदम "आगं बाई!" करून परत पडद्याकडं. कधी वीज गेली आणि भाग अर्धा राहिला, तर पुढं काय होईल तेही मलाच विचारायच्या. "मग? पुढं?" ही दोन अक्षरांची दोन सुखं मी त्या खोलीत पोटभर खाल्ली. नंतरच्या आयुष्यात नवऱ्यानं, मुलांनी, मुख्याध्यापकांनी, कुणीच मला तितक्या भुकेनं "मग? पुढं?" विचारलेलं नाही.

आमच्या गावाची एक रीत मात्र सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवाळी झाली की निम्मं गाव उठायचं आणि कारखान्याला जायचं. कारखान्याला जायचं म्हणजे ऊस तोडायला. ट्रक यायचे, त्यात भांडी, शेळ्या, पोरं, गोधड्या भरल्या जायच्या आणि आळी एका दिवसात रिकामी व्हायची. तिकडं कारखान्याच्या कडेला पाचटाच्या खोपटात राहायचं, त्याला कोपी म्हणतात. परत यायचं ते पाडवा उलटल्यावर, कधी त्याच्याही पुढं. आणि मालिका काही कुणासाठी थांबत नाही. त्यामुळं ट्रक परत आले की बायका दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीवर यायच्या, डबे रांगेत लावायच्या, आणि ओट्यावर बसून मला हाक मारायच्या, "नंदे, ये बाहीर. मालतीचं कुटवर आलं?" मग मी सगळा हिवाळा त्यांना सांगायची. दळणं निघून जायची तरी बायका हलायच्या नाहीत. अण्णा म्हणायचे, "पोरगी गिरणीपेक्षा जास्त चालती." पहिल्या वर्षी हे असं झालं. मी एक शब्द पदरचा घालत नव्हते. कोण कुठल्या साडीत होतं, कुणी दार कसं लावलं, सगळं जसंच्या तसं. त्याचा मला फार अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी मी जास्त तयारीनं होते. त्या हिवाळ्यात मालतीवर कहर कोसळला. नवऱ्यानं कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला हवेलीतून घालवून दिलं, आणि तो भाग झाल्या-झाल्या आमच्या गावचे ट्रक हलले. म्हणजे बायका तिला दाराबाहेर उभी सोडूनच गेल्या होत्या. शेजारच्या गजराकाकू तर ट्रकमध्ये चढताना सुद्धा हळहळत होत्या, "आता कुटं जाईल गं ती?" मी मनात म्हटलं, या तुम्ही परत, सांगते. आई आणि मी, आम्ही दोघींनी मिळून एकही भाग चुकवला नाही. मी गिरणी चालू असताना तिच्या आवाजाच्या आड उभी राहून सांगायचा सराव सुद्धा करायची. कोर्टातली उलटतपासणी तर मला पाठ होती.

ट्रक आले. दुसऱ्या दिवशी गजराकाकू ज्वारीचा डबा घेऊन आल्या, मागून बाकीच्या आल्या, सगळ्या ओट्यावर बसल्या. उन्हानं काळ्या पडलेल्या, हाताला चिरा गेलेल्या. त्यांनी आईसाठी गुळाचा खडा आणला होता, तो दिला. पाऊसपाण्याचं झालं, कुणाच्या लेकीचं ठरलं ते झालं. मला कुणी हाक मारली नाही. मी दारात उभी राहून राहून शेवटी आपण होऊनच म्हणाले, "काकू, मालतीचं लई पुढं गेलंय."

"ठावं हाय की," गजराकाकू म्हणाल्या. "तिची कोपी आमच्याच कोपीला लागून हुती."

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

"नवऱ्यानं घालवल्यावर ती जानार कुटं?" दुसरी एक म्हणाली. "आली कारखान्याला. पैल्यांदा तर मोळी बी बांधता येईना तिला. सुटायची सारकी."

"हाताला ह्ये एवढाले फोड आलते," तिसरी म्हणाली. "मग गजरीनंच शिकीवलं तिला."

"कोन म्हणतं हे?" मी विचारलं.

"शैली सांगती ना. फडातनं आलं, चुली पेटीवल्या, की शैली सांगाया लागायची. रोज."

शैला म्हणजे गजराकाकूंची मुलगी. माझ्याच वयाची, सातवीपर्यंत माझ्याच बाकावर. दिवाळीनंतर तिची जागा रिकामी व्हायची आणि मला बाकावर पाय पसरून बसता यायचं. काही विशेष नव्हती ती दिसायला. आवाज बारीक, बोलणं सावकाश, आणि टीव्ही बघायला आली की उंबऱ्यापाशी बसायची, आत जागा असली तरी. तिच्यावर जळावं असं तिच्यापाशी काही असेल हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मी तिथल्या तिथं सगळ्यांना सुनावलं. "तसलं काही झालेलं न्हाई. मी बघितलंय, आईनं बघितलंय. मालती तिच्या भावाकडं गेली. भावाच्या बंगल्यात ऱ्हाती ती. कोर्टात केस चालू हाय."

मला वाटलं, जिंकले. मग गजराकाकूंनी विचारलं, "बंगल्यात करती काय ती?"

मी आठवू लागले. "रडती," मी म्हणाले.

"सा म्हैने?"

ते खरं होतं. ती सहा महिने रडतच होती, फक्त वेगवेगळ्या खोल्यांमध्ये. बायकांनी एकमेकींकडं बघितलं, आणि कुणीतरी तंबाखूची मशेरी काढली.

मी तशीच शैलाला गाठायला गेले. ती आडावर धुणं धूत होती. मी म्हणाले, "तू खोटं का सांगितलंस गं सगळ्यांना?" तिनं भांडावं अशी माझी फार इच्छा होती. ती पिळा हातात धरून म्हणाली, "आय अन् सगळ्या लईच इचारायच्या. मालतीचं काय झालं आसंल, मालतीचं काय झालं आसंल. मला तरी काय म्हाईत? म्हनलं, आली आसंल कुटंतरी कामाला. मग त्याच इचारायच्या, मग पुढं? आता तू सांग की नंदे खरं. मी बी येते ऐकायला." आणि खरंच यायला तयार होती ती. एवढ्या मोठेपणानं तिनं माझी चांगलीच जिरवली. मत्सर हा फार छापील शब्द आहे. आमच्याकडं त्याला जळणं म्हणतात, आणि मी आडापासून घरापर्यंत जळत आले.

तरीही मला एक आधार होता. आई माझ्या बाजूची होती. तिनं सगळे खरे भाग माझ्या मांडीला मांडी लावून बघितले होते, पत्र्यावर चढून मुंग्या घालवल्या होत्या. तिला कुणी फसवू शकत नव्हतं. पण त्या आठवड्यात अण्णांनी गिरणीच्या दगडांना टाकी लावायला घेतली. दगड गुळगुळीत झाले की पीठ जाड येतं, म्हणून ते उतरवून छिन्नीनं पुन्हा खरबरीत करावे लागतात. गिरणी बंद, घर एकदम शांत, आणि अण्णा मधेच विडी ओढायला गेल्यावर छिन्नीही थांबली. आतल्या खोलीत मी बीजगणित करत होते. बाहेर ओट्यावरून शैलाचा बारीक आवाज येत होता. मालतीला टोळीचा मुकादम म्हणाला की तुझ्या नावानं आगाऊ उचल नाही, तू एकटी बाई, तुला टोळीत धरता येत नाही. शैला थांबली. आणि मग मी ऐकलं, "मग? पुढं?" तो आवाज आईचा होता.

मी दाराच्या फटीतून बघितलं. आई सुपात हुलगे घेऊन बसली होती. निवडायचे हात तसेच थांबलेले, तोंड किंचित उघडं. माझ्या गोष्टी ऐकताना तिचे हात कधी थांबले नव्हते.

संध्याकाळी मी तिच्याशी बोलले नाही. तिनं दोनदा हाक मारली, मग समजलीच. "शैलीपाशी बसले म्हनून फुगलीस व्हय?"

"तुला खरं माहिती हाय ना? मग खोटं कशाला ऐकतीस?"

आई परातीत पीठ मळत होती. "आगं, आपल्यातली नुस्ती बसून रडती," ती म्हणाली. "हिच्यातली कामाला लागती. मला बघवतं तिच्याकडं. लई गुनाची पोर हाय शैली."

लई गुनाची पोर. मी वर्गात पहिली यायचे तेव्हा आई म्हणायची, बरं झालं, आता पाणी भर. हे गुणाचं प्रमाणपत्र तिनं कधी माझ्यासाठी काढलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी जेवले नाही, आणि घरात कुणी फारसा आग्रहही केला नाही.

तेवढ्यात टीव्हीवर जाहीर झालं की पुढच्या आठवड्यात मालतीचा शेवटचा भाग. मला वाटलं, देव आहे. मी घरोघर जाऊन आमंत्रण दिलं, लग्नाला देतात तसं. "समद्यांनी या. डोळ्यांनी बघा. मालती कुटं हाय ते समद्यांच्या देखत कळंल." शैलाला तर मी दोनदा सांगितलं. माझ्या मनात सगळं आखलेलं होतं. भाग संपेल, बायका माझ्याकडं वळतील, आणि आई त्या सगळ्यांच्या मधे बसून बघेल की कुणाचं खरं होतं.

त्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीवर शेंगोळे रटरटत होते, गिरणी बंद होती, पडद्यावर एक मुंगी नव्हती. शैला नेहमीसारखी उंबऱ्यापाशी. मी टीव्हीच्या शेजारी उभी राहून एक-एक वाक्य सांगत होते, आवाज चढवून. नवऱ्याला पश्चात्ताप झाला. मोटार बंगल्यापुढं थांबली. मालती जरीच्या साडीत हवेलीच्या पायऱ्या चढली. सासूनं कमरेचा जुडगा सोडला आणि तिच्या हातात ठेवला. कॅमेरा जवळ गेला, पडदाभर मालतीचे हात आणि त्यात किल्ल्या, आणि त्याच्यावरून नावं सरकू लागली. मी शटर ओढलं आणि वळले. "बघितलं? हे खरं हाय."

गजराकाकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ही ती न्हाई."

"काकू, हीच मालती! तोंड बघा की."

"व्हय, तोंड तेच हाय. हात बघितले का तिचे? सा म्हैने कोयता धरला तिनं. एक घट्टा न्हाई हाताला." आणि त्या माझ्याकडं खरोखर कीव आल्यासारखं बघून म्हणाल्या, "दुसरीच कुनी तरी आनून बसवलीया बाई. तुला फशिवलं त्यांनी, नंदे."

बायका एक-एक करून बाहेर गेल्या, ओट्यावर टेकल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "शैले, तू सांग आता. तिचं खरं काय झालं?" शैला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता, संपलं की." त्या ऐकेनात. मी आईकडं बघितलं. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, शेंगोळ्यावर ताट झाकलं, पदरानं हात पुसले आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. तिला मी दिसलेच नाही असं मला वाटलं. शैलानं सुरुवात केली. मी गिरणीत गेले आणि खटका वर केला.

मोटर घोंघावली, पट्टा फिरला, आणि टाकी लावलेले ताजे दगड मधे दाणा नसताना एकमेकांवर घासायला लागले. ठिणग्या दिसल्या. तसला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता आणि मला तो अतिशय गोड लागला. अण्णा ओरडत धावत आले, "आगं, दगडावर दगड घासतोय! खाल्ले, दगड खाल्ले!" त्यांनी खटका पाडला. त्यांची सगळ्या दिवसांची मेहनत वाया गेली होती, त्याबद्दल माझ्या पाठीत जे बसायचं ते बसलं. मला पुन्हा तशी संधी मिळाली तर मी पुन्हा खटका वर करीन. गिरणी थांबली तेव्हा मी कान दिला, पण ओट्यावर कुणीच नव्हतं. बायका उठून लांब शाळेच्या पटांगणात जाऊन बसल्या होत्या. तिथून फक्त मधे मधे त्यांचं एकदम "आगं बाई" ऐकू यायचं. मी शेंगोळे पातेल्यातूनच खाल्ले, एकटीनं. शैलाच्या मालतीचा शेवट काय झाला तो मला कळला नाही, आणि मी कधीही विचारला नाही. आईनंही सांगितला नाही.

पुढं मी शिकले, नगरला मास्तरीण झाले, तिथंच संसार केला. शैलाला राहात्याकडं दिली, तिच्या सासरचे पेरूच्या बागा करतात असं कानावर यायचं. मी विचारत नव्हते, लोकच सांगायचे. आणि मी मालिका बघत राहिले. किती बघितल्या. संध्याकाळच्या, दुपारच्या, पुन्हा-पुन्हा दाखवलेल्या. त्यातली बाई घराबाहेर पडली की मी अजूनही पुढं सरकून बसते. आता ही कामाला लागेल, असं वाटतं. बहुतेक वेळा ती भावाच्या बंगल्यात जाते.

आई आता माझ्यापाशी असते. अण्णा गेले, गिरणी विकली, तिचे डोळेही गेले. टीव्ही ती कानानं ऐकते आणि थोड्या वेळानं म्हणते, "बंद कर गं, सगळ्या एकाच आवाजात रडत्यात." मध्यंतरी लेक आली होती. मी भाजी घेऊन वर आले तर आजी-नातीची मैफल रंगलेली. आई सांगत होती, "मग तिला मोळी बांधता येईना. बांधली की सुटायची." मी तशीच दारात थांबले. आमच्या टीव्हीवरची हवेली, कोर्ट, किल्ल्या, तिच्या मांडीला मांडी लावून मी बघितलेला तो अख्खा हिवाळा, त्यातलं काहीएक तिच्या डोक्यात उरलं नव्हतं. उरली होती ती शैलाची मालती. लेकीनं मला विचारलं, "मम्मी, ही कुठली सिरीयल? कुठं बघायला मिळेल? भारी आहे." मी म्हणाले, कुठंही मिळत नाही.

मुकादमापर्यंत आई आली आणि अडकली. "मग पुढं काय झालं गं, नंदे?" मी सांगितलं, नवरा न्यायला आला, सासूनं किल्ल्या दिल्या. तिनं मान हलवली. "हे न्हाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. ताट पुढं ठेवलं की हात आखडता घ्यायची, "तिचं काय झालं गं? एकली बाई, मुकादम टोळीत घेईना. आठवंना बघ." लेक परत गेली. मी एक-दोनदा स्वतः रचून बघितलं. शिकलेली बाई आहे मी, मालिकांमध्ये हयात गेली. आई दोन वाक्यं ऐकायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ दे. तुला ठावं न्हाई." तिचं जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा मी गजराकाकूंच्या नातवाकडून नंबर मिळवला.

"कोन मालती?" शैला म्हणाली. ती विसरली होती. मला क्षणभर असा आनंद झाला की काय सांगू. मग मला सांगावं लागलं, आगं, ती, कारखान्यावरची, तुमच्या कोपीशेजारची. पलीकडं मागं कुठं तरी टेम्पोचा आवाज. "आगं बया," ती म्हणाली. "काकूंनी ध्यानात ठिवलं? काकू हायत का तितं? दे त्यास्नी."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो आईच्या उशाशी धरला. तोच बारीक आवाज, आता थोडा फुटलेला. मुकादम नाही म्हणाला तेव्हा मालतीनं काय केलं, तर तिनं दुसऱ्या दोन एकट्या बाया गाठल्या आणि तिघींनी मिळून एक कोयता लावला, नवरा-बायकोची जोडी लावते तसा. मग पट्टा, म्हणजे तोडणीचा हंगाम, संपल्यावर ती गावाकडं परत गेली नाही. तिकडंच कुणाची तरी पडीक जमीन वाट्यानं धरली. पेरूची रोपं लावली. पेरू ऐकताच मला कळलं की ही आत्ता, या क्षणी, स्वतःच्या बागेत उभी राहून रचतेय. तेव्हा यात पेरू असणं शक्यच नव्हतं, तेव्हा तिनं पेरूची बाग बघितली तरी होती का. मी तोंड उघडलं होतं. पण आईचे हात गोधडीवर थांबले होते आणि तोंड किंचित उघडं होतं. "हां," ती म्हणाली, "आसंच हुतं. आता आठवलं."

माझा हात अवघडला, मी तो बदलला. आत सगळं तसंच जळत होतं, त्या आडापासून आणलेलं. तिकडं शैला सांगत होती की पहिला बहर आला त्या वर्षी एक दिवस बागेच्या बांधावर मोटार येऊन थांबली, आतून नवरा उतरला, मालतीच्या हातात कात्री होती, तिनं त्याच्याकडं बघितलं आणि— "थांबा हां काकू, गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली, आणि फोनवर नुसता क्रेट ओढल्याचा आवाज येऊ लागला.

मी फोन तोंडाजवळ नेला. "मग?" मी म्हणाले. "मग? पुढं?"

आईनं न दिसणारे डोळे माझ्याकडं वळवले. "दम धर की जरा," ती म्हणाली. "सांगती ना ती."